पाच दिवसांचा माल

वाण्याचे बरे असते. दिवाळीला रवा-साखर खपणार हे ओळखून तो महिनाभर आधीच पोती लावून ठेवतो. रक्तपेढीवाल्याने काय करावे? तांबड्या पेशी थंडाव्यात ३५ ते ४२ दिवस टिकतात, गोठवलेला रक्तद्रव वर्षभर. पण प्लेटलेट्स अवघ्या ५ दिवस! त्याही फ्रिजमध्ये नव्हे. २० ते २४ अंशांत, पाळण्यातल्या तान्ह्यासारख्या सारख्या हलवत ठेवायच्या. धनत्रयोदशीची पिशवी भाऊबीजेला जेमतेम पुरायची.

आणि नेमकी तेव्हाच कॉलेजे बंद, कचेऱ्यांना सुट्टी, नेहमीचे रक्तदाते गावी. पावसाळ्यामागून आलेला डेंग्यू मात्र सुट्टी घेत नाही. थॅलेसेमियाच्या पोराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, ते काही पंचांग पाहून नव्हे.

पुढाऱ्याच्या वाढदिवशी एकदम हजार पिशव्या जमवण्याची आपल्याकडे भारी हौस. मला विचाराल तर ही हौस महागाची आहे. त्या दिवशी रक्त दिलेल्या पुरुषाला पुढे तीन महिने, बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. शिवाय मुदत संपलेली पिशवी टाकूनच द्यावी लागते. तीच माणसे थोडी थोडी करून आली असती तर?

आमच्या आळीतल्या मंडळाने यंदा अकरा जणांची यादी पेढीला दिली आहे. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिघे, पाडव्याला चौघे, भाऊबीजेला चौघे. माझे नाव शेवटच्या चौघांत आहे. ताईला कळवून टाकले, ओवाळणी दुपारनंतर!