खातो, तरी खंगतो
गप्पी मासा दाण्यांवर तुटून पडतो, तरी पोट खपाटीला अन् पाठ सुरीसारखी. अशा वेळी दुकानात हमखास मिळतं ते निळं औषध. मेथिलीन ब्लू बुरशीवर ठीक. आतड्यातल्या जंतांना त्याचं काय! मासा जरा थांबला की शेपटीकडे खालून लालसर धागे डोकावतात? तो कॅमेलॅनस, गोलकृमी. त्यावर लेव्हामिसोल, लिटरला साधारण २ मिलिग्रॅम, दिवा बंद ठेवून. प्राझिक्वांटेल चपट्या कृमींसाठी, इथे फुकट. लेव्हामिसोलने जंत लुळे पडून बाहेर येतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तळ सायफनने उपसायचाच, नाहीतर तळातल्या अळ्या पुन्हा माशाच्या पोटात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. हे टाळायला नवे मासे महिनाभर वेगळे ठेवा म्हटलं की मात्र घरात जागा नसते!