शब्दबोध : श्रावक

‘श्रावक’ हा शब्द जैन घरांत इतका रुळलेला आहे की त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘जो साधू नाही तो श्रावक’ एवढाच बोध पुष्कळदा घेतला जातो. शब्दाची घडण मात्र निराळे सांगते. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. जिनवाणी श्रद्धेने ऐकतो तो श्रावक. बौद्ध परंपरेत हाच शब्द भिक्षु-शिष्यांनाही लावतात आणि गृहस्थाला ‘उपासक’ म्हणतात. जैन परंपरेत तो गृहस्थाचा झाला.

साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका मिळून चतुर्विध संघ होतो. श्रावक हा संघाचा केवळ आश्रयदाता नव्हे, घटक आहे. म्हणून त्यालाही 12 व्रते सांगितली आहेत : 5 अणुव्रते, 3 गुणव्रते व 4 शिक्षाव्रते. ‘नियम महाराजसाहेबांना, आम्ही संसारी माणसे’ ही पळवाट या शब्दाला मान्य नाही. तत्त्वार्थसूत्राने अचौर्याच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे आणि भेसळ करणे हे स्पष्ट गणले आहे. सत्याच्या अतिचारांत खोटा लेख करणे येते. तराजू आणि वही, दोन्ही व्रताच्या कक्षेत आली.

श्वेतांबर आगमांतील सातवे अंग ‘उपासकदशा’ हे 10 श्रावकांचे चरित्र सांगते. त्यांतील पहिला आनंद हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने 4 कोटी सुवर्ण ठेवीत, 4 कोटी व्यापारात व 4 कोटी घरव्यवहारात, अशी संपत्तीची मर्यादा बांधली. पुढे आनंदास अवधिज्ञान झाले. गृहस्थाला एवढे विशाल ज्ञान होणार नाही, असे म्हणून गौतम गणधरांनी त्याला प्रायश्चित्त घेण्यास सांगितले. आनंदाने नम्रपणे विचारले, प्रायश्चित्त खऱ्या बोलण्यालाही असते काय? भगवंतांनी आनंदाचे म्हणणे खरे ठरविले आणि गौतमस्वामींनी स्वतः जाऊन त्याची क्षमा मागितली. श्रावकपदाची उंची याहून स्पष्ट कोठे दिसेल?

प्रतिक्रमणात 12 व्रतांचे अतिचार वाचले जातात. खोट्या मापाचा उल्लेख कानी पडताच ज्याला आपले दुकान आठवते आणि दुसऱ्या दिवशी जो आपले माप तपासतो, त्याचे ऐकणे पुरे झाले.