वहीतले लिहिणे वहीतच का मरावे?

सन 1855 साली पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने महारमांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो छापला 'ज्ञानोदया'ने, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पत्राने. आपल्या घरचे पत्र त्या वेळी नव्हतेच. कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले ते 1 जानेवारी 1877 रोजी, मुक्तेच्या निबंधानंतर जवळजवळ 22 वर्षांनी. तिचे लिहिणे आज आपणांस वाचावयास मिळते, याचे श्रेय शाळेइतकेच छापणाऱ्यासही आहे. शाळा लिहावयास शिकविते. लिहिलेले टिकते ते छापल्याने.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण आमचा वर्धा जिल्हा. फेब्रुवारी 2023 मध्ये वर्धा शहरी दोन संमेलने एकाच वेळी भरली, एक अखिल भारतीय व एक विद्रोही. भाषणे झाली, ठराव झाले, मांडव उठले. कोणाचे बरोबर हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. आर्वी, कारंजा, समुद्रपूर या बाजूच्या खेड्यातील मुलीने कविता लिहिली, तर ती तिने कोणाच्या हाती द्यावी? संमेलन तीन दिवसांचे असते. तिची वही वर्षभर उघडी असते.

म्हणून या जिल्ह्यातील मुलामुलींचे स्वतःचे एक वाङ्मयीन पत्र निघाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात कुणब्याचा मुलगा लिहील, तेल्यामाळ्याची, कोष्ट्याकुंभाराची मुलगी लिहील. बौद्ध, मातंग, मुसलमान, गोंड, कोलाम, पारधी अशी सर्व घरे त्यात येतील. एका जातीचे पत्र काढणे सोपे आहे. पण शेजारच्या घरात काय शिजते, काय रडते, हे एकमेकांस कळल्यावाचून बहुजन हा शब्द केवळ सभेपुरता उरतो.

पहिली हरकत भाषेची येईल. 'मुलांची भाषा अशुद्ध आहे' असे शहाणे लोक म्हणतील. खुद्द जोतीरावांच्या व्याकरणाची टर 'निबंधमाले'त उडविली गेली होती. म्हणून त्यांचे ग्रंथ मेले नाहीत. हात चुकून झालेली चूक लिहिणाऱ्यास विचारून जरूर सुधारावी. परंतु घरच्या बोलीतला शब्द काढून तेथे पुस्तकी शब्द बसवू नये. गोंडी व कोलामी या तर मराठीच्या बोलीही नव्हेत. त्या तेलुगू-तमिळच्या कुळातील वेगळ्या भाषा आहेत. ते लिखाण देवनागरीत जसेच्या तसे छापावे व शेजारच्या रकान्यात लिहिणाऱ्याच्याच हातचा मराठी अर्थ द्यावा.

दुसरी हरकत, हे चालणार कसे? मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालविला. तो 1910 सालापासून अर्धशतकाहून अधिक काळ चालला. नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेस 'अस्मितादर्श' त्रैमासिक उभे केले, आणि नुसते अंक न काढता लेखक-वाचकांचे मेळावे भरविले. दलित लेखकांच्या कित्येक पिढ्या त्या अंगणात वाढल्या. यांच्यापाशी कोणती इस्टेट होती? होती ती चिकाटी. उलट धडाही ध्यानात ठेवावा. 'बहिष्कृत भारत' 1927 साली निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत, आणि पैशाची ओढ सदाचीच. 1929 साली ते बंद पडले. एवढा मोठा पुरुष असूनही एका हाताने पत्र चालत नाही, तेथे आपली काय कथा! हात पुष्कळ हवेत आणि वर्गणी वेळेवर हवी.

तेव्हा आमची सूचना अशी. वर्षाला तीनच अंक काढावेत, पण ते चुकवू नयेत: एक उन्हाळ्याच्या सुटीत, एक पोळ्याला, आणि एक कपाशीची वेचणी आटोपल्यावर. वेचणीच्या दिवसांत पोरी वावरात असतात. त्या वेळी लेख मागणे म्हणजे त्यांना वगळणेच होय. संपादक मंडळ मुलांचेच असावे व त्यात निम्म्या मुली असाव्यात. पती वारल्यावर तानुबाई बिर्जे यांनी 'दीनबंधु'चे संपादन केले, हे विसरू नये. जो लेख घेतला नाही, त्याच्या लेखकास चार ओळींचे पत्र गेलेच पाहिजे. उत्तर न मिळालेले मूल पुन्हा लिहीत नाही. छापण्यासाठी लेखकाकडून दमडी घेऊ नये, आणि जाहिरातीच्या मोबदल्यात पुढाऱ्याची तसबीर मुखपृष्ठावर लावू नये. सन 1867 चा जुना कायदा जाऊन 2023 चा नवा कायदा आला आहे व तो 1 मार्च 2024 पासून अमलात आहे. त्याप्रमाणे रीतसर नोंदणी आधी करून घ्यावी, म्हणजे पुढे कोणास बोट दाखविता येणार नाही.

आता शेवटचे सांगणे घरच्या वडीलधाऱ्यांस. बाबांनो, वरातीच्या बँडवर एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, तेवढ्यात काही घरांची वर्षाची वर्गणी भागेल. पण पैशाहूनही एक मोठी गोष्ट तुमच्या हाती आहे. दिवसभर राबून आलेली पोर रात्री वही घेऊन बसली, तर 'हे काय पोटाला घालणार?' असे म्हणून दिवा मालवू नका. मुक्तेला कोणी तसे म्हटले असते, तर आपल्या दुःखाची ती साक्ष आज कोठे असती?