उन्हाळ्याची सहल आणि लडाखचे पाणी

मे महिना उजाडला की परभणीच्या रेल्वे स्थानकावर एक गमतीचे दृश्य दिसू लागते. पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो, फलाटावरचे बाकडे चटका देत असते, आणि नांदेडहून अमृतसरकडे जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसची वाट पाहत काही कुटुंबे लोकरीचे कपडे भरलेल्या पिशव्या सांभाळीत उभी असतात. पूर्वी उत्तरेचा प्रवास म्हणजे काशी किंवा बद्रीकेदार आणि तोही बहुधा संसारातून मोकळे झाल्यावर. आता मुले शाळेत असतानाच शिक्षक, कारकून, बँकेतील कर्मचारी थेट लडाखचा बेत आखतात. २००९ साली आलेल्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटाने पँगाँग सरोवर घराघरांत पोचविले आणि २०२० साली रोहतांगखालील अटल बोगदा खुला झाल्याने मनालीकडील वाट सुकर झाली.

या हौसेची टिंगल करण्याचे काही कारण नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला मिळणारी रजा प्रवास सवलत स्वग्रामापुरती किंवा महाराष्ट्र दर्शनापुरती आहे. तेव्हा तो लडाखला जातो तो स्वतःच्या पैशाने, बहुधा पतसंस्थेतील ठेव मोडून. आयुष्यात एकदा तरी बर्फ पाहावा, ही त्याची इच्छा श्रीमंताच्या परदेशवारीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. प्रश्न वेगळाच आहे. या सहलीच्या खर्चात गाडीभाडे, खोलीभाडे, जेवण या सर्वांचा हिशेब असतो. परंतु तेथील सर्वांत दुर्मिळ वस्तूचा, म्हणजे पाण्याचा, हिशेब मात्र कोठेही नसतो.

पाण्याचे पंचांग

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. बर्फाच्छादित शिखरांमुळे तेथे पाण्याची ददात नसावी असा आपला समज होतो. वस्तुतः तो प्रदेश म्हणजे थंड वाळवंट आहे. लेह येथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्य पडते. आपण ज्या परभणीला अवर्षणप्रवण म्हणून कळवळतो, तेथे सरासरीने याच्या आठपटींहून अधिक पाऊस पडतो. लडाखची शेती उभी आहे ती वितळणाऱ्या बर्फावर. ओढ्यांचे पाणी पाटांनी शेतांत नेले जाते, ‘झिंग’ नावाच्या लहान तळ्यांत साठविले जाते आणि ‘चुरपोन’ म्हणून नेमलेला गावकरी प्रत्येकाची पाळी ठरवितो. धुळे जिल्ह्यातील पांझरेवरची फड पद्धत व तिचा पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये.

या व्यवस्थेचे एक पंचांग आहे. जवाची पेरणी एप्रिल-मे महिन्यांत होते; परंतु उंचावरील हिमनद्या भरपूर पाणी देऊ लागतात ते जुलैच्या सुमारास. मधले दोन महिने ओढाताणीचे. हीच फट बुजविण्यासाठी चेवांग नॉर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे पाणी सावलीच्या जागी अडवून गोठविण्याची, म्हणजे कृत्रिम हिमनद्यांची, युक्ती काढली. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचे हिमस्तूप हेही याच प्रयत्नाचे पुढचे पाऊल होय. दोघांचेही सारे बुद्धिकौशल्य एवढ्याचसाठी खर्ची पडले की वैशाखात शेताला चार घागरी पाणी अधिक मिळावे.

आणि नेमक्या याच दिवसांत आपल्या शाळा-महाविद्यालयांना सुटी असते! जूनच्या मध्यावर शाळा उघडण्यापूर्वी परतायचे, म्हणून मराठी प्रवासी लेहला पोचतो तो तेथील टंचाईच्या ऐन महिन्यांत.

ओळखीचा टँकर

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकारी सहकुटुंब लेहला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातील गरम पाणी मध्येच थांबले. तेव्हा व्यवस्थापकाशी सर्वांत चढ्या आवाजात भांडणारे आम्ही परभणीकरच होतो. तासाभराने फाटकाशी टँकर येऊन उभा राहिला. त्याच्या नळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. तो आवाज आमच्या गल्लीतला होता.

१९७४ साली लडाख पर्यटकांना खुले झाले, तेव्हा वर्षाला पाचशेच्या आसपास प्रवासी आले होते. २०२२ साली ही संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण लडाखची लोकसंख्या होती सुमारे पावणेतीन लाख. पारंपरिक लडाखी घरात शौचालय कोरडे असते. त्यात माती टाकून तयार झालेले खत शेतात जाते. पाण्याचा थेंबही लागत नाही. हॉटेलांत मात्र आपल्या सोयीसाठी पाण्याची शौचालये आली, ती चालविण्यासाठी कूपनलिका आल्या आणि मैल्याच्या टाक्यांतून झिरपणारी घाण त्याच भूजलाला धोका निर्माण करू लागली. कूपनलिकांच्या शर्यतीचा शेवट कसा होतो हे मराठवाड्याला कोणी शिकवावे असे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी क्रिकेटच्या मैदानांवर पाणी फवारण्यावरून जनक्षोभ उसळला आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्यास सांगितले. तहानलेल्या मुलखात चैनीसाठी पाणी वापरू नये, हा न्याय आपणच तेव्हा मागितला होता.

किंमत कोणी मोजावी?

म्हणून लडाखचे पर्यटन बंद करावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. चार महिन्यांच्या हंगामावर तेथील असंख्य कुटुंबांचे वर्ष निघते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली, त्यांत सहा जण महाराष्ट्रातील होते. त्यानंतर काश्मीरबरोबर लडाखमधील आरक्षणेही रद्द झाली आणि एकाच हंगामावर विसंबणारी अर्थव्यवस्था किती ठिसूळ असते याचा प्रत्यय आला.

दुसरा उपाय सुचविला जातो तो भूतानचा. तेथे भारतीय प्रवाशाला २०२२ पासून दर रात्री १,२०० रुपये शुल्क द्यावे लागते. परंतु सरसकट माणशी शुल्क हा गरिबावर बसणारा करच असतो. चौघांच्या कुटुंबाला सहा दिवसांचे २८,८०० रुपये मोजावे लागले तर कारकून घरी बसेल आणि धनिक मात्र टबात डुंबत राहील. पर्वत राखला जाणार नाही. केवळ त्याचे गिऱ्हाईक बदलेल. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की ज्या वस्तूची टंचाई असेल, तिचीच किंमत लावावी. हॉटेलांच्या कूपनलिकांना मीटर बसवावेत, ठराविक मर्यादेपलीकडील वापरावर चढत्या दराने आकारणी करावी आणि ती रक्कम गावांतील पाट, तळी व कृत्रिम हिमनद्या यांवरच खर्च व्हावी. मग बादलीभर पाण्यात भागविणाऱ्या प्रवाशाला सहल स्वस्त पडेल आणि उधळ्याला महाग.

हे दर ठरविण्यात स्थानिकांचा शब्द प्रमाण असला पाहिजे, हे ओघानेच आले. २०१९ साली लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. त्यानंतर राज्याचा दर्जा व सहाव्या अनुसूचीचे संरक्षण या मागण्यांसाठी तेथे आंदोलने झाली. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये त्यांना हिंसक वळण लागून चौघांचा बळी गेला. आपल्या जमिनीचा व साधनसंपत्तीचा निर्णय आपल्या हाती असावा, ही त्या मागण्यांमागील भावना आहे. जायकवाडीच्या पाण्यासाठी वरच्या धरणांकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठवाड्याला ती समजण्यास अडचण पडू नये.

कायदे होतील तेव्हा होतील. तोपर्यंत आपल्या हाती काही आहे. मोठ्या हॉटेलाऐवजी गावातील घरी उतरावे, कोरड्या शौचालयाला नाक मुरडू नये आणि ज्यांना मुलांच्या शाळेचे बंधन नाही, त्यांनी मे महिना टाळून सप्टेंबरात जावे. मे महिन्यात परभणीत आपण भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालतो. ती सवय लोकरीच्या कपड्यांबरोबर पिशवीत भरून नेली, तरी पुष्कळ झाले.