पुण्य, पॉइंट आणि पाण्यातला बंगला

पूर्वी माणसं पुण्य साठवायची, आता पॉइंट साठवतात. हेतू दोन्हींचा एकच : पुढं कधीतरी, कुठंतरी छानशा ठिकाणी, फुकटात राहायला मिळावं. फरक इतकाच की पुण्याचा हिशेब चित्रगुप्ताकडं असतो आणि त्यानं रातोरात दर बदलल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नाही. गाईला घातलेल्या घासाचं पुण्य सत्ययुगात जेवढं होतं तेवढंच कलियुगात आहे. पॉइंटांचं तसं नाही. सोमवारी एका रात्रीला पुरणारे पॉइंट मंगळवारी त्याच खोलीच्या व्हरांड्यापर्यंतही पोचत नाहीत. चौकशी केली तर 'सभासदांना अधिक लवचीकता मिळावी म्हणून' हा बदल केल्याचं उत्तर मिळतं. एखादी संस्था आपल्याला लवचीकता देऊ करते, तेव्हा वाकायचं आपल्यालाच असतं हे ओळखून असावं.

मी बँकेत कारकून आहे. (हल्ली आम्हाला 'कस्टमर असोसिएट' म्हणतात. नाव वाढलं, रांग तेवढीच आहे.) दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात वीस वर्षं गेल्यामुळं कुठलीही गोष्ट 'फुकट' म्हटली की ती कुणाच्या खात्यावर नावे पडली, हे बघायची मला खोड लागली आहे. त्या खोडीच्या जोरावर मी जाहीरपणे सांगतो की पंचतारांकित मुक्कामाचे हे पॉइंट म्हणजे बक्षीस नव्हे. ते आपण हॉटेलवाल्यांना दिलेलं बिनव्याजी, बिनमुदतीचं आणि बिनतारणी कर्ज आहे. मुद्दल किती परत करायचं, हे ऋणको ठरवणार! असं कर्ज आमचा कुठला मॅनेजर मंजूर करील? त्याची बदली थेट गडचिरोलीला होईल.

आता ही युक्ती काही आजची नव्हे. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या जोडगोळीनं हिरवी तिकिटं काढली. वाणसामान घेतलं की दुकानदार तिकिटं द्यायचा, गृहिणी ती थुंकी लावून वहीत चिकटवायच्या आणि वह्या भरल्या की किटली किंवा दिवा घेऊन यायच्या. त्यात एक बरं होतं, तिकीट हातात असायचं. मग १९८१ साली १ मे रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं मैल मोजायला सुरुवात केली आणि १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी तोच धडा हॉटेलांत गिरवला. थुंकी गेली, वही गेली. उरला फक्त आकडा, आणि तोही त्यांच्याच वहीत.

या खेळात जिंकणारे नसतात असं नाही. डेव्हिड फिलिप्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरनं १९९९ साली एका कंपनीची योजना वाचली : आमच्या मालाची लेबलं पाठवा, विमानाचे मैल मिळवा. त्या मालात सगळ्यात स्वस्त होती पुडिंगची वाटी. या गृहस्थांनी सुमारे ३,१४० डॉलरांत १२,१५० वाट्या उचलल्या. एवढी लेबलं सोलायची कुणी? तेव्हा त्यांनी पुडिंग सॅल्व्हेशन आर्मीला दान केलं आणि त्या बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांकडून लेबलं सोलून घेतली. बारा लाखांवर मैल पदरात पडले आणि दानाची करसवलत वेगळी. मी या माणसाला इथूनच नमस्कार करतो. पण वाचकहो, पंचवीस वर्षं उलटली तरी पॉइंटवाले उदाहरण देतात ते अजून याच एका माणसाचं. सोडतीत पहिलं बक्षीस मिळालेल्याचा फोटो दुकानात लावतात. तिकिटं घेतलेल्या बाकीच्यांचे फोटो लावायचे ठरवले तर भिंत पुरणार नाही.

बी.कॉम.ला आम्हाला हुंड्यांचे प्रकार होते. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी. पॉइंट हा हुंडीचा तिसराच प्रकार आहे : मर्जी हुंडी. साधी दहाची नोट घ्या. मळलेली असेल, कोपरा दुमडलेला असेल, पण तिच्यावर गव्हर्नरांची सही आणि दहा रुपये देण्याचं वचन असतं. पॉइंटावर कुणाची सही असते? पूर्वी निदान तक्ता असायचा, अमुक दर्जाच्या हॉटेलला अमुक पॉइंट. हिल्टननं तो तक्ता २०१७ साली काढून टाकला आणि मॅरियटनं मार्च २०२२ मध्ये. आता म्हणे भाव मागणीप्रमाणं वरखाली होतो. होईना! पण आमच्या मंडईत भाव एकट्या वरच्या दिशेनं जाणारी भाजी अजून आलेली नाही. आणि चोवीस महिने खात्यात काही हालचाल केली नाही तर या दोन्ही ठिकाणी पॉइंट बाद. आमच्याकडं दहा वर्षं न हललेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेकडं जातात, तरी ते खातेदाराचेच राहतात आणि त्याच्या वारसांनाही मागता येतात. पॉइंटांचं श्राद्धसुद्धा होत नाही.

आणि हा आकडा लहानसहान समजू नका. मॅरियटच्या ताळेबंदात २०२२ अखेर सभासदांच्या पॉइंटांपोटीचं देणं सहा अब्ज डॉलरांहून अधिक होतं. २०२० साली महामारीत विमानं जमिनीवर बसली, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सनं काय गहाण टाकलं? आपली मैलांची योजना! त्यावर ६.८ अब्ज डॉलर उभे केले. म्हणजे उडणारं विमान परवडलं नाही तरी चालेल, पण लोकांची उडण्याची आशा हे उत्तम तारण ठरलं. जे पॉइंट वापरलेच जाणार नाहीत असा कंपनीचा अंदाज असतो, त्याला हिशेबाच्या भाषेत 'ब्रेकेज' म्हणतात. मोडतोड. कुणाची, ते सांगायला नको.

आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला पाण्यावरच्या बंगल्यात न्यायचं, म्हणून चार वर्षं त्यांनी कार्डाशिवाय कोथिंबीरसुद्धा घेतली नाही. विजेचं बिल कार्डावर, मुलाची फी कार्डावर, आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाचा शिधाही कार्डावर. (आमच्याकडून रोख घेऊन.) चार रात्रींचे पॉइंट जमले. एका साखळीत चार रात्रींच्या पॉइंटांत पाचवी रात्र मिळते, हे तर त्यांनी मला जिन्यात सात वेळा सांगितलं. मग आधी बँकेनं पॉइंट हॉटेलकडं वळवण्याचं प्रमाण बदललं, मग हॉटेलनं भाव बदलला, आणि चाराच्या दोन रात्री उरल्या. पाचवी तर कुठल्या कुठं गेली. मला म्हणाले, "अहो, तुम्ही बँकेतले. याला काही अपील?" मी म्हटलं, "नियम वाचलेत का? योजना केव्हाही बदलण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला असतो." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग एक रात्र हे राहतील, एक रात्र मी राहीन. तेवढाच बदल." आम्ही हसलो. पण नंतर त्यांनी विचारलं, "भावजी, चार वर्षं मी गावच्या यात्रेला नाही म्हटलं, ते कुठल्या खात्यात जमा झालं?" याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

बरं, समजा पॉइंट पुरले. मग तरी 'फुकट' म्हणजे किती फुकट? मालदीवचंच घ्या, कारण मुंबईच्या पॉइंटभक्तांचं वैकुंठ सध्या तेच आहे. खोली पॉइंटांत मिळाली. पण खोली समुद्रात, आणि तुम्ही मालेच्या विमानतळावर. पुष्कळ बेटांवर जायला पाण्यावरचं छोटं विमान लागतं, त्याचे माणशी काहीशे डॉलर रोख. ते विमान रात्री उडत नाही. तुमचं मुंबईचं विमान संध्याकाळी पोचलं, तर पहिली रात्र मालेत स्वखर्चानं काढा. म्हणजे फुकट मुक्कामाची सुरुवातच विकतच्या मुक्कामानं! पुढं १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टात माणशी रोज १२ डॉलर हरितकर आहे. नवराबायको आणि एक मुलगा, पाच रात्री : १८० डॉलर. तिथं पलीकडं उडुपी नाही, कोपऱ्यावर वडापावची गाडी नाही. एक बेट, एक हॉटेल. जेवाल तिथंच, त्यांच्याच भावात. १०० डॉलरांचं जेवण घेतलंत की १० टक्के सेवाशुल्क, आणि त्या ११० वर जुलै २०२५ पासून १७ टक्के कर. झाले १२८ डॉलर ७० सेंट. घास गिळताना गुणाकार करायची सवय नसेल तर ठसका लागतो.

'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' असं कुणी म्हणेलच. म्हणू देत. पण ही द्राक्षं मुळात पिकवली कुणी, याचा माग मी काढला, तिथं माझं हसू जरा थांबलं. कार्ड फिरवलं की दुकानदाराच्या पैशातून शेकडा दीड-दोन रुपये कापले जातात. तो ते पदरचे घालत नाही, मालाच्या किमतीत मिसळतो. ती किंमत कार्डवालाही देतो आणि चुरगळलेल्या नोटा काढणारी कामवालीही देते. पॉइंट मात्र पहिल्यालाच. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेपुरतं याचं गणित मांडलं : रोखीनं खरेदी करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देतं, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला रोखवाल्यांकडून वर्षाला १,१३३ डॉलर मिळतात. हे तिथलं गणित. पण वजावटीची रीत इथंही तीच. दुसरा दाता म्हणजे ज्याला कार्डाचं बिल पुरतं भरता येत नाही तो. त्याच्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. तीस टक्क्यांवरचं व्याज अन्याय्य, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली म्हटलं होतं, पण ते सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केलं. पूर्वी सावकार असं व्याज घ्यायचा तेव्हा निदान कादंबऱ्यांत त्याला खलनायक करायचे. आता तो आपल्याला स्वागताचं पेय देतो, नारळात छोटी छत्री खोचून.

म्हणजे पाण्यावरच्या त्या बंगल्यात आपण गादीवर लोळत असतो, तेव्हा त्या गादीचा एक कोपरा आपल्या भाजीवालीनं भरलेला असतो आणि एक कोपरा हप्ते चुकलेल्या एखाद्या पोरानं. त्यांना मुक्कामाचं आमंत्रण नसतं.

शिवाय, सुटी ही काय चीज आहे हेच आपण विसरत चाललोय. आमच्या बँकेच्या युनियनचं हॉलिडे होम असतं. अर्ज करायचा, चिठ्ठीत नाव निघायचं, मग महाबळेश्वरच्या दोन खोल्यांत तीन कुटुंबं, एकच गीझर, आणि पहाटे त्यावरून भांडण. पण जायचं कुठं ते आपण ठरवायचो. हल्ली पॉइंट ठरवतात. "यंदा कुठं?" असं विचारलं की लोक गावाचं नाव सांगत नाहीत, "बघू, कुठं बसतं ते" म्हणतात. कोकणातल्या आत्याच्या अंगणात पॉइंट चालत नाहीत, म्हणून आत्या यादीतून बाद. तिच्याकडं फणसाची भाजी होती, 'अजून चार दिवस राहा' असा आग्रह होता, आणि तो आग्रह केव्हाही बदलण्याचा हक्क तिनं राखून ठेवलेला नव्हता.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत. पॉइंट हे चलन असेल तर त्याचा दर छापा. दर बदलायचा तर वर्षभर आधी सांगा आणि जुन्या पॉइंटांना जुना दर द्या. 'फुकट' हा शब्द वापरायचा तर सगळे कर आणि विमानभाडं त्याच ओळीत, त्याच टायपात लिहा. हे जमत नसेल तर सरळ त्याच पैशांची सूट द्या, म्हणजे कुणाला चार वर्षं वाट पाहायला नको. टाटांच्या न्यू कॉइनचा भाव एक रुपया असा साधा सांगतात. म्हणजे एक नाणं, एक रुपया असं सांगणं अगदीच अशक्य नाही.

आणि आपल्यासाठी एकच मागणी. पॉइंट जमले असतील तर वापरून टाका, पालेभाजीसारखे. ते लोणचं नव्हे, मुरत नाहीत. पण पॉइंटांसाठी एक पैही जास्त खर्च करू नका, आणि ज्या माणसांबरोबर सुटी घालवायची त्यांना 'पुढच्या वर्षी, पॉइंट पुरले की' असं सांगू नका. पॉइंट बाद व्हायला निदान चोवीस महिने लागतात. माणसांची तेवढीही हमी कुणी देत नाही.