आपले ओझे आपल्या पाठीवर

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना चार कडू शब्द वाढावेत, हे काही शिष्टाचाराला धरून नाही. पण याच दिवसांत घरोघरी मे महिन्याच्या सुटीचे बेत शिजू लागतात आणि हल्ली त्यांत हिमालय असतोच. मुलांना निसर्ग दाखवायचा, तंबूत राहायचे, डोंगर चढायचे! बेत उत्तम आहे. आमची तक्रार बेताविषयी नाही. त्याच्याबरोबर घरातून जे सामान निघते त्याविषयी आहे.

हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. मुलगा, सून आणि दोन नातवंडे यांच्यासह आम्हीही कुलू जिल्ह्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. उद्यान म्हटले की आपल्यापुढे हिरवळ, पाळणे आणि भेळेची गाडी उभी राहते. हे उद्यान म्हणजे ७५४ चौरस किलोमीटरचे रान आणि त्यावर बर्फाची शिखरे. २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. आत मोटारीचा रस्ता नाही. गुशैनी गाव मागे टाकून तीर्थन नदीच्या काठाने चालत निघायचे आणि सुमारे दहा किलोमीटरवरच्या रोला येथे तंबू ठोकायचा. लहान मुलांनाही झेपेल अशी ही वाट आहे.

आता आमचे सामान ऐका. घडीच्या चार खुर्च्या, हवा भरायच्या गाद्या, चकली-चिवड्याचे डबे, तयार शेवयांची खोकी, गाणी वाजवायचा स्पीकर, आणि शेजारून नदी खळखळत असताना बाटलीबंद पाण्याचे दोन खोके! हे सारे तिथल्या तीन माणसांच्या पाठीवर चढले. आमच्या पाठी मोकळ्या. वाटेत मुलाने गाणी लावली, तेव्हा वाटाड्याने हात जोडून ती बंद करायला लावली. या रानात जुजुराणा राहतो; जुजुराणा म्हणजे पाखरांचा राजा. जगात फार थोडे उरलेले हे पाखरू अतिशय बुजरे आहे. त्याच्या घरी येऊन आम्ही सिनेमातली गाणी वाजवीत होतो.

एका चढावर ओझेवाला टेकला. पलीकडच्या उताराकडे हात करून तो म्हणाला, "तिकडे वर आमच्या वडिलांची मेंढरे चरायची." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, रडगाणेही नव्हते. आम्हीच वरमलो.

कारण, वाचकहो, हे रान आपल्यासाठी आपोआप राखले गेलेले नाही. १९९९ साली उद्यानाची अखेरची अधिसूचना निघाली आणि भोवतालच्या गावांचे आतल्या कुरणांवर मेंढरे चारण्याचे, औषधी मुळ्या आणि गुच्छी नावाची किमती अळंबी वेचण्याचे पिढीजात हक्क संपले. पाखरे वाचावीत म्हणून रान बंद झाले हे योग्यच. पण त्याची किंमत कोणी भरली? आपण फाटकावर प्रवेशाचे पैसे भरून मालकाच्या ऐटीत आत शिरतो. ज्याच्या बापाचे कुरण गेले तो आपली खुर्ची पाठीवर घेऊन मागून येतो.

यावर उत्तर तयार असते: "अहो, त्याला मजुरी देतो ना! आपण ओझे दिले नाही तर तो खाईल काय?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्यांची कुरणे गेली त्यांतल्या कित्येकांचे घर आज याच कामावर चालते. तेव्हा त्यांना जरूर न्यावे, घासाघीस न करता पुरती मजुरी द्यावी. तंबू, शिधा, भांडी त्यांनी वाहावीत. ते कष्टाचे आणि मानाचे काम आहे. पण आपला आळस आणि आपली हौस वाहणे हे कुठले काम? मजुरी श्रमाची द्यावयाची असते. ती दिली म्हणजे माणसाचे खेचर करण्याचा परवाना मिळत नाही.

दुसरे उत्तर आयांचे: "मुले दमतील हो!" दमू देत की! शहरात हीच मुले रोज शाळेचे दप्तर वाहतात, तेव्हा कोणाचे काळीज हलत नाही. स्वतःचा स्वेटर, पाण्याची बाटली आणि मूठभर खाऊ एवढे तरी आठ वर्षांचे पोर सहज नेते. आणि आपण दमलो तरी पोचलो, ही गोष्ट त्याला कोणती शाळा शिकवणार आहे?

तिसरे उत्तर आमच्या चिरंजीवांचे: "इथवर गाडी यायला हवी होती." ज्या दिवशी येईल त्या दिवशी जुजुराणा जाईल आणि राहील ते तुम्ही पाठ फिरवून आलेले शहरच. मग एवढे लांब येण्याचे कारण काय?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. हिमालयात जाण्याआधी दोन रविवार राजगडाची वाट चढावी. तिथे आपली सॅक आपल्या खांद्याला किती लागते ते कळते. वर नेलेला कागदाचा कपटासुद्धा आपल्याच सॅकमधून खाली आणावा. रात्री ओझेवाल्यांना तंबूमागे नव्हे, आपल्याच पंगतीत जेवायला बसवावे आणि मुलांना त्यांच्याकडून त्या डोंगराच्या गोष्टी ऐकू द्याव्यात. आमच्या नातवाला स्पीकरवरचे एकही गाणे आज आठवत नाही. मेंढरे कुठे चरायची ते मात्र तो अजून सांगतो.

यंदा सामानाची यादी कराल तेव्हा घडीच्या खुर्च्यांवर आधी काट मारा. बसायला तिथे दगड पुष्कळ आहेत.