पदरी पडले, पवित्र झाले : मोबाइलवरच्या ब्राउझरची निवड भारताने कशी गमावली?

१/ २०१० च्या आसपास भारतात साध्या फोनवर इंटरनेट वापरणारा तरुण फोनसोबत आलेला ब्राउझर बाजूला सारी आणि आपल्या पसंतीचा दुसरा शोधून बसवी. आजचे फोन त्याहून कितीतरी शक्तिशाली आहेत आणि पर्यायही मुबलक आहेत. तरीही बहुतेक जण फोनसोबत जो ब्राउझर आला, तोच शेवटपर्यंत वापरतात. हा बदल कसा घडला, त्याचा हा धागा. #थ्रेड #इतिहास

२/ विषय वरवर क्षुल्लक वाटेल. पण ब्राउझर, ज्याला मराठीत ‘न्याहाळक’ असा नेटका शब्द आहे, ही वेबकडे पाहण्याची खिडकी आहे. आधी कोणते शोधयंत्र दिसावे, वाचकाचा माग कोणाला काढू द्यावा, कोणते तंत्र चालावे, हे बव्हंशी खिडकीचा मालक ठरवतो. म्हणूनच अमेरिका, युरोप आणि भारत या तिन्ही ठिकाणी हा वाद न्यायासनापुढे गेला.

३/ पहिली लढाई संगणकावर झाली. १९९४ साली नेटस्केप नॅव्हिगेटर आला. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला आणि पुढे तो विंडोजशी जोडून टाकला. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मात्र मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका कायम ठेवला.

४/ तोवर नेटस्केप एओएलला विकला गेला होता. वरातीमागून घोडे! या खटल्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. मायक्रोसॉफ्टने नेटस्केपवर बंदी घातली नव्हती. ज्याला हवा त्याला तो उतरवून घेता येत होता. पण संगणक सुरू करताच समोर दिसणारे चिन्ह दुसऱ्याचे होते आणि बहुसंख्य लोक तिथेच थांबले. ब्राउझरच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज इथे आहे.

५/ आता मोबाइलकडे वळू. नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने २००५ मध्ये मायदेशी आणि जानेवारी २००६ मध्ये जगभर ‘ऑपेरा मिनी’ आणला. त्याची युक्ती अशी : फोनची मागणी आधी ऑपेराच्या सर्व्हरकडे जाई, सर्व्हर मूळ पान आणून, आवळून, हलके करून फोनकडे पाठवी. जड काम दूरच्या यंत्राने करायचे आणि फोनने केवळ दाखवायचे. दुबळ्या फोनवर मोठी संकेतस्थळे उघडू लागली ती यामुळे.

६/ भारतात या युक्तीला पैशाचेही मोल होते. दर १० केबीला १० पैसे हा त्या काळचा सर्वपरिचित दर. म्हणजे एक एमबी पाहायला सुमारे दहा रुपये! पान जितके आवळले जाई, तितकी शिल्लक वाचे. ब्राउझर बदलण्याचा लाभ वापरणाऱ्याला त्याच दिवशी बॅलन्समध्ये दिसे.

७/ मराठी वाचकासाठी तर हा लिपीचा प्रश्न होता. अनेक फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. सुरुवातीच्या अँड्रॉइड आवृत्त्यांतही तीच रड. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे टाइप करून एक पर्याय चालू केला की सर्व्हर अक्षरांची चित्रे करून पाठवी आणि मराठी वाचता येई. त्यात डेटा अधिक जाई. पण ही क्लृप्ती मित्राकडून मित्राकडे पोहोचत राहिली.

८/ मग चीनमधला यूसी ब्राउझर आला. त्यानेही पाने आवळली. शिवाय तुटलेले डाउनलोड जिथे थांबले तिथून पुढे नेण्याची सोय दिली. रडतखडत चालणाऱ्या जोडणीवर गाणी आणि चित्रफिती उतरवणाऱ्यांना आणखी काय हवे? २०१४ मध्ये अलिबाबाने ही कंपनी पूर्णतः विकत घेतली. २०१० च्या दशकाच्या मध्यास स्टॅटकाउंटरच्या मोजणीत भारतातील मोबाइल ब्राउझरांत यूसी अव्वल होता.

९/ या काळाला सुवर्णयुग म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. वाचक आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये कंपनीचा सर्व्हर बसलेला असे, म्हणजे खासगीपणाशी तडजोड आलीच. टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने २०१५ मध्ये यूसी ब्राउझरमधून वापरकर्त्यांची माहिती गळत असल्याचे दाखवून दिले. ऑपेरानेही दूरसंचार कंपन्यांशी करार करून आपला मार्ग सुकर केला होता.

१०/ तरीही ती स्पर्धा खरी होती. ऑपेरा आणि यूसी या दोघांच्याही मालकीची, बाजारावर वरचढ ठरलेली प्रणाली नव्हती. काही वेगळे दिल्याशिवाय ग्राहक येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. आणि बदलल्याने काय मिळेल, हे ग्राहकाला ठाऊक होते. पुढे ही स्थिती तीन कारणांनी पालटली.

११/ पहिले कारण : करार. २०१२ मध्ये क्रोम अँड्रॉइडवर आला. अँड्रॉइड कागदोपत्री मुक्त. पण प्ले स्टोअर नसलेला फोन दुकानात कोण घेणार? आणि प्ले स्टोअर हवे असेल, तर निर्मात्याला गूगलच्या ॲपचा अख्खा संच, क्रोमसह, आधीच बसवावा लागे. नव्वदच्या दशकातला धडा इथे कराराच्या कलमांत उतरला.

१२/ दुसरे कारण : स्वस्ताई. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. केबी मोजून वाचवण्याची गरज सरली, फोनही सुधारले, देवनागरी सर्वत्र नीट दिसू लागली. ज्या उणिवांमुळे ऑपेरा मिनी आणि यूसी हवेसे वाटत होते, त्या उणिवाच उरल्या नाहीत. यात कोणाचा दोष नाही. पण ब्राउझर बदलण्याचे रोजचे कारण मात्र नाहीसे झाले.

१३/ तिसरे कारण : राज्यसत्ता. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझरही होता. तोवर क्रोमने त्याला मागे टाकले होतेच. बंदीमागची सुरक्षेची भूमिका हा वेगळा विषय. बाजारापुरते पाहिले तर उरलेला मोठा प्रतिस्पर्धी एका आदेशाने नाहीसा झाला आणि त्याचा वापरकर्ता फोनमध्ये आधीच हजर असलेल्या ब्राउझरकडे वळला. आयत्या बिळावर नागोबा!

१४/ भारताने काहीच केले नाही, असे नाही. अँड्रॉइड वापरणाऱ्या काही नागरिकांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला ₹१,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. ॲप स्टोअरमधील वर्चस्वाच्या बळावर क्रोमचे स्थान राखले गेले, असा निष्कर्षही त्यात होता. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातील निर्मात्यांना ॲप सुटी घेण्याची मुभा जाहीर केली.

१५/ पण आधीच बसवलेली ॲप वापरकर्त्याला पूर्णपणे काढून टाकता यावीत, हा आयोगाचा निर्देश मात्र टिकला नाही. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि जे चार निर्देश रद्द केले, त्यांत हाही होता. दंडाची रक्कम मथळ्यात झळकली. ज्या कलमाने सामान्य माणसाच्या हाती काही पडले असते, ते निसटले.

१६/ आयफोनवरची गाठ आणखी घट्ट आहे. ब्राउझरच्या पोटात ‘इंजिन’ असते. संकेतस्थळाचा कोड वाचून पान उभे करण्याचे काम ते करते. आयफोनवर प्रत्येक ब्राउझरने ॲपलचेच वेबकिट वापरावे, असा नियम राहिला. २०१२ पासून आयफोनवर मिळणारा क्रोमही याला अपवाद नव्हता. डिफॉल्ट ब्राउझर बदलण्याची मुभा सप्टेंबर २०२० मध्ये आली. मार्च २०२४ मध्ये नव्या डिजिटल कायद्यामुळे युरोपात इतर इंजिनांना दार उघडले. भारतातल्या आयफोनला ती मोकळीक आपोआप मिळाली नाही.

१७/ अँड्रॉइडवर इंजिन निवडण्याची सक्ती नाही, तरी तिथेही वैविध्य आटले. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एजसाठी क्रोमियमची वाट धरली. ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट, विवाल्डी, सगळे क्रोमियमवरच. एकाच गुऱ्हाळाचा गूळ दहा दुकानांत दहा वेष्टनांतून विकावा, तसे हे. फायरफॉक्सचे गेको तेवढे वेगळे उरले. आणि मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलशी झालेल्या करारातून येतो.

१८/ ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. एकूण बक्षिसे ₹३.४१ कोटींची. २०२५ मध्ये झोहोला पहिला क्रमांक मिळाला. उपक्रम स्वागतार्हच. पण झोहोचा ‘उला’सुद्धा क्रोमियमवर उभा आहे. जी खिडकी आधीच बसवलेली नाही आणि जिचे इंजिन आपले नाही, तिला केवळ स्वदेशी नाव किती तारणार?

१९/ मग युरोपसारखा निवडीचा पडदा दाखवावा का? मार्च २०१० पासून विंडोजवर तो दाखवला जाऊ लागला. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात लाखो संगणकांवरून तो गायब होता आणि आयुक्तालयाच्या ध्यानी ते बऱ्याच उशिरा आले. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला. तात्पर्य : पडदा आवश्यक आहे, पण देखरेख नसेल आणि पर्यायांतला फरक सांगितलेला नसेल, तर तो उपचारापुरताच उरतो.

२०/ यावर आक्षेप येतो : ‘लोक क्रोम वापरतात कारण तो चांगला आहे.’ आक्षेपात तथ्य आहे. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने विंडोजवर आधीच बसलेल्या एक्सप्लोररला गुणांवर मागे सारले. पण त्या विजयात आणखी एक गोष्ट दडली आहे. ग्राहकाला फरक जाणवला आणि वाट मोकळी असली, तर तो बदलतो. तेव्हा आव्हानवीर असलेली कंपनी आज मोबाइलच्या दाराशी द्वारपाल म्हणून उभी आहे.

२१/ शिवाय हा आक्षेप पैशाचा हिशेब टाळतो. अमेरिकेतील खटल्यात उघड झाले की आपले शोधयंत्र ब्राउझरांत आणि फोनवर डिफॉल्ट राहावे, यासाठी गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले. केवळ गुण पुरेसे असते, तर जागेचे एवढे भाडे कोणी भरले असते का? ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने गूगलला दोषी धरले. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकायला लावण्यास मात्र नकार दिला.

२२/ तेव्हा भारताने तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. नवा फोन सुरू होताना ब्राउझरची निवड वापरणाऱ्याच्या भाषेत विचारली जावी आणि प्रत्येकाचा फरक दोन ओळींत सांगितला जावा. नको असलेला ब्राउझर समूळ काढता यावा. न्यायाधिकरणात गेलेले कलम कायद्याने परत आणावे. आणि इंजिनाची जी मोकळीक युरोपला मिळाली, ती इथेही मिळावी.

२३/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी अखेरचा मुद्दा. उद्या कोणी आलेख काढून म्हणेल, ‘भारतीयांनी क्रोम निवडला.’ आकडे खरे असतील. पण आकड्यांमागे करारांची कलमे, डेटाचे दर आणि सरकारी आदेश आहेत. ते वाचल्याशिवाय ‘निवडला’ हे क्रियापद वापरता येणार नाही. पदरी पडलेले पवित्र मानायचे असेल तर खुशाल मानावे. मात्र ते पदरात कोणी टाकले, हे आधी तपासावे.

२४/ फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ॲप’ हा विभाग उघडा. तिथे कोणाचे नाव आहे आणि ते कोणी लिहिले, हे पाहा. वेगळे मत असेल तर पुराव्यासह जरूर मांडा. धागा समाप्त.